गायकवाड मॅडमनी दार अडवलं

गायकवाड मॅडमना फोनवर कोणी नाही म्हटलं, तर त्या लगेच फोन ठेवत नसत. "तुम्ही नाही, तर कोण? नाव सांगा," म्हणायच्या आणि समोरचा नाव सांगेपर्यंत गप्प बसून राहायच्या. मुलुंडच्या आमच्या लॉ कॉलेजात त्या आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. मी तिथे नवा लेक्चरर होतो.

त्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय मूट कोर्ट स्पर्धेची राष्ट्रीय फेरी आमच्याकडे आली. कॉलेजची मूट समिती मॅडमकडे होती आणि मी त्यांच्या हाताखाली. दोन काल्पनिक देशांचं भांडण, विद्यार्थी त्यांचे वकील आणि न्यायाधीशांच्या खुर्चीत अनुभवी वकील नि प्राध्यापक. जिंकणारा संघ परदेशी जाणार. ऐकायला झकास; प्रत्यक्षात नुसता वैताग. विमानतळावरून संघांना आणायला निघालेली बस घाटकोपरलाच बंद पडली. परीक्षक आदल्या संध्याकाळी "सॉरी हं, उद्या कोर्टात मॅटर लागलंय" म्हणत गळायला लागले. ठरलेलं सभागृह संस्थेने परस्पर हळदीकुंकवाला देऊन टाकलं. मी कपाळाला हात लावला की मॅडम खेकसायच्या, "रडगाणं नको, अमोल. मुद्दा बोल."

अंतिम फेरीला संस्थेचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते. त्यांची बरीच वाट पाहून मॅडमनी शेवटी फेरी सुरू केली. मराठवाड्यातल्या एका छोट्या कॉलेजची मुलगी बोलायला उभी राहिली. आधी ती नुसतं कागदातलं वाचत होती. न्यायाधीशांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, तेव्हा कुठे ती रंगात आली. आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष उगवले. मागे फोटोग्राफर आणि समई धरलेला शिपाई.

"चला, दीपप्रज्वलन उरकून घेऊ. मला पुढे कार्यक्रम आहे."

मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, आत वाद चालू आहे. तिचं संपू दे, मी स्वतः दार उघडते."

"अहो मॅडम, खेळातलं कोर्ट आहे हे!"

"तिच्यासाठी नाही."

मी मागून कुजबुजलो, "मॅडम, दोन मिनिटांचं तर काम आहे."

"तुला बोलता बोलता थांबवून कोणी समई लावली, तर पुढचं वाक्य आठवेल का रे?"

अध्यक्ष थोडा वेळ कॉरिडॉरमध्ये घुटमळले आणि निघून गेले. मुलगी पूर्ण बोलली. आणि हरली. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

पुढच्याच महिन्यात मॅडमना मूट समितीवरून काढलं. त्यांना दगदग झेपत नाही, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. मॅडम तर रोज जिना चढून तिसऱ्या मजल्यावर तास घेत होत्या! मी प्राचार्यांशी जाऊन भांडलो. "तू अजून कायम झालेला नाहीस," एवढीच त्यांनी आठवण करून दिली. वर्ष संपताच मॅडमनी राजीनामा दिला. चेंबूरच्या एका कॉलेजात अर्धवेळ काम मिळालं होतं.

शेवटच्या दिवशी त्या कपाट रिकामं करत होत्या. मला राहवेना. "एवढं करून काय मिळालं, मॅडम?"

त्या माझ्यावरच चिडल्या. "मिळालं काय विचारतोस? तिला तिचं म्हणणं पूर्ण मांडता आलं ना? मग झालं तर."

त्यांनी रागारागाने बॅगेची चेन ओढली, ती मधेच अडकली. आम्ही दोघांनी ओढून पाहिली, लागली नाही ती नाहीच. मग ती उघडी बॅग तशीच छातीशी धरून त्या रिक्षात बसल्या.