आगाऊ प्रायश्चित्त

चहा जरा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकून घ्या. माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला, पण या एका प्रकाराची सर दुसऱ्या कशाला नाही. आणि तो करताना मी स्वतःला अख्ख्या रत्नागिरीत सगळ्यात हुशार समजत होतो, बरं का!

मी तेव्हा मॅट्रिक होऊन वर्षभर घरीच बसलो होतो. मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. मिरकरवाड्यातला दाऊद हा माझा शाळेपासूनचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्या मामाचं आफ्रिकेत, मोंबासाला, मोठं दुकान होतं. मामाचं पत्र आलं की दाऊदनं यावं आणि येताना इंग्रजी पत्रव्यवहार करणारा एखादा मुलगा बरोबर आणावा. तो मुलगा कोण? अर्थात आम्ही! मात्र पावसाळ्याआधीची मुंबईची शेवटची बोट गाठून पुढं आफ्रिकेची धरायची, नाहीतर मामा दुसरा कोणी बघणार होता.

पासपोर्टाचा अर्ज कलेक्टर कचेरीत करायचा होता. कपाळ कसं, नाक कसं, हनुवटी कशी, सगळं लिहायचं, आणि शेवटी विचारलं होतं, काही विशेष खूण? माझ्या डाव्या कानामागे चांगला ठसठशीत तीळ आहे. पण तो कोणाला दिसणार? त्या वेळी मला मिशी होती हो! दोन्ही टोकं वर वळवलेली, रोज खोबरेल लावून बसवलेली. आमच्या आळीत तशी दुसरी नव्हती. मी वळणदार अक्षरात इंग्रजीतून लिहिलं, भरदार मिशी.

कचेरीतले चिटणीस वडिलांच्या ओळखीचे. चष्मा वर करून म्हणाले, "बापू, तीळबीळ असेल तर तो लिही."

मी म्हटलं, "तीळ काय, कोणालाही असतो."

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. माणूस फार बोलणारा नव्हता, हे लक्षात ठेवा.

इकडे घरी आईचं अन्नावरचं लक्ष उडालं होतं. वडील मी लहान असतानाच गेलेले, घरात आम्ही दोघंच. ती जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाही. पण एके दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "समुद्र ओलांडून आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागतं. तू येशील तेव्हा मी असेन की नसेन. मी नसले तर तुला पंक्तीला कोण घेईल रे? एवढंच मनात येत्ये."

आता यावर शहाणा मुलगा काय करील? आईची समजूत घालील. मी तोड काढली! प्रायश्चित्त जायच्या आधीच घेऊन टाकायचं. आईच्या डोळ्यांदेखत सगळं झालं की तिलाही काळजी नको आणि परतल्यावर मलाही कटकट नको. आमच्या भटजींना सांगितलं तर ते म्हणाले, असं शास्त्रात कुठं नाही, आधी दोष घडावा लागतो. मी वाद घातला, की मनानं मी बोटीत बसलोच आहे, आता राहिलं काय? भटजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले की करू.

प्रायश्चित्त म्हटलं की आधी क्षौर. हे भटजींनी सांगितलं होतं आणि मी मोठ्या जाणकारासारखी मानही हलवली होती. पण क्षौर म्हणजे नक्की काय काय जाणार, हे माझ्या हुशार डोक्यात केव्हा शिरलं? डोकं गुळगुळीत झाल्यावर न्हाव्यानं ओठावर पाणी लावलं तेव्हा! मी त्याचा हात धरला. समोर पडवीत आई बसली होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा असा निवांत दिसत होता, अगदी हसरा. मी हात सोडला. न्हाव्याला म्हटलं, "काढ बाबा."

दुपारी ब्राह्मणभोजन झालं. चिटणीसही होते. मी स्वतः त्यांना दोनदा खीर वाढली.

चार दिवसांनी मुंबईहून पासपोर्ट आला आणि मी कचेरीत धावलो. चिटणीसांनी आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग विशेष खुणेवर बोट ठेवलं. खूण पटल्याशिवाय साहेब सही करणार नाही आणि सहीशिवाय पासपोर्ट हातात मिळणार नाही. नवा अर्ज केला तर महिना-दीड महिना जाणार, आणि बोटीला राहिले होते आठ दिवस.

दाऊद आधी पोट धरून हसला. "मिशी कुटं ठेवलीस रे, शोधू दोगं मिळून!" पण मग स्वतःच गेला आणि एका नाटक मंडळीकडून राजाची मिशी घेऊन आला. ती चिकटवायची कशानं? फणसाचे दिवस होते. फणसाचा चीक एकदा लागला की तेलाशिवाय सुटत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. म्हणूनच भरपूर लावला!

टक्कल झाकायला टोपी घातली आणि पुन्हा कचेरीत हजर झालो. चिटणीसांनी चष्मा वर केला. मग हळूच म्हणाले, "बापू, परवा खीर वाढत होतास तेव्हा ही नव्हती रे. साहेबानं बघण्याआधी काढ."

मी ओढली. निघेना! चिटणीसांनी ओढली, मग पट्टेवाल्याला बोलावलं. त्यानं माझं डोकं बगलेत धरलं आणि असा काही हिसडा दिला की मी बोंबच ठोकली. साहेब बाहेर आला. तेवढ्यात निम्मी मिशी पट्टेवाल्याच्या हातात आली होती आणि निम्मी माझ्या तोंडावर होती. साहेबानं फोटो मागवला, माझ्याशेजारी धरून पाहिला आणि डोळे पुसपुसून हसला. सही मात्र केली नाही.

दाऊद एकटाच निघाला. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, तेव्हा मी त्याला पोचवायला पडावातून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, बोटीपर्यंत गेलो. ओठ सुजलेला, डोक्यावर नुकते खुंट आलेले. रडू येईल म्हणून समुद्राकडे बघत बसलो आणि तेच नडलं. पडाव हलायला लागला तशी पोटातली आतडी वर आली. किनाऱ्यापासून बोटीपर्यंत दाऊद माझं डोकं धरून बसला होता. शिडी चढताना म्हणाला, "मोंबासापावत तुला असाच धरून बसलो असतो, बापू. आलास नाय, त्याचंच वाईट वाटतं." मला अजून ते वाक्य आठवलं की गलबलतं.

घरी आलो तो हिरवापिवळा होऊन. आईनं काही न विचारता आमसुलाचं सार हातात दिलं. दोन घोट पोटात गेल्यावर म्हणाली, "कुठवर गेला होतास?"

"बोटीपर्यंत."

"पडावातून?"

"हो."

ती माझ्या सुजलेल्या ओठाला खोबरेल लावायला बसली. हसू दाबून म्हणाली, "म्हणजे समुद्रात गेलास की रे! तरी बरं, प्रायश्चित्त आधीच घेऊन ठेवलं होतंस."