सुशीलाक्काला केलेला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, विठोबापुढेसुद्धा मोठ्यानं नाही. आणि सांगायला मुहूर्त कोणता काढला, तर घरात आनंदीआनंद असताना! काल निकाल लागला. आम्हा दोघी जावांना परदेशात नेऊन विकणारा एजंट तुरुंगात गेला. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात सकाळपासून मशीन बंद आणि तोंडं चालू आहेत.

मला तर अजून हसू येतं. त्याचा वकील केवढ्या ऐटीत म्हणायचा — गुन्हा समुद्रापलीकडे घडला, म्हैसूरच्या कोर्टाचा काय संबंध? आमच्या सरकारी वकीलबाईंनी इथे खटला चालवायची दिल्लीहून आलेली सरकारी परवानगी पुढे ठेवली. माणूस इथला, तर तिकडे केलेल्या गुन्ह्याचा जाबही इथेच द्यायचा. पठ्ठ्याचा चेहरा बघायला हवा होता! तिथेच फुगडी घालावी असं वाटलं मला.

पण मी भलतीकडेच चालले. सांगायचं ते वेगळंच आहे.

आधी मी गेले होते. शिवणकाम म्हणून नेलं आणि एका बंगल्यात पासपोर्ट काढून घेऊन मोलकरणीसारखं राबवलं. मार होता, उपासही होते. घरी फोन करू द्यायचे, पण एजंट शेजारी उभा, आणि बोलायचं कन्नडातच, त्याला कळेल असं. सुखात आहे म्हणायचं. काही महिन्यांनी सुशीलाक्काही तिथेच आली — माझी थोरली जाऊ. मला बघून तिनं काय केलं असेल? पोटाशी धरलं. म्हणाली, "अय्यो, त्यानंच तसं बोलायला लावलं ना गं तुला?" मी मान डोलावली.

पुढे दूतावासानं आम्हाला सोडवलं, केस उभी राहिली. कोर्टातही अक्काशी झालेल्या फोनबद्दल तोच प्रश्न आला. शपथेवर मी सांगितलं — हो, तो शेजारी होता.

एरवी असायचा. पण त्या दिवशी — कशाला फिरवून सांगू? — नव्हता.

फोन माझ्या हातात देऊन तो बाहेर कुणाशी तरी भांडायला गेला होता. पलीकडे अक्का. एजंटची माणसं तिच्याही मागे लागली होती, जाऊ की नको असं ती मलाच विचारत होती. घरच्या मराठीत दोन शब्द पुरले असते — येऊ नकोस. आणि मी काय बोलले? एसीची खोली, नवीकोरी मशीन, मालकीण माझ्या हातच्या ब्लाउजवर खूश! का? अक्काच्या हाताला सफाई, माझ्या नाही, असं सासरी सगळे म्हणत. तिला एकदा तरी माझा हेवा वाटावा, एवढंच. तिला वाटलाही. “नवीकोरी?” असं तिनं दोनदा विचारलं, आणि त्या नरकात बसून मला किती बरं वाटलं!

एजंटनं केलं ते केलंच, त्यात तीळभर फरक पडत नाही. पण अक्का विमानात बसली ती माझं ऐकून.

आता ती पुरणपोळ्यांचं ताट घेऊन येतेय, मनगटावरून तूप ओघळतंय. "बारे, ये इकडे! पहिला ओब्बट्टू हिला! ही कोर्टात उभी राहिली म्हणून जिंकलो, गोत्ता, कळलं ना?"

तुम्हाला आधी सांगितलं ते जीभ वळावी म्हणून. मी उठते, तिच्या हातातलं ताट खाली ठेवते.

"अक्का, त्या दिवशी तो खोलीत नव्हता."