एका सेकंदाचा फोटो

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं जगदेवचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. जगदेव सत्तरीला टेकलाय, पण ऐट गेलेली नाही. फोटो काढताना आपला हात कधी हालला नाही, हे त्यानं तालुक्याला इतकं ऐकवलंय, की लोक त्याला पाहून रस्ता बदलतात. लग्नं, बारशी आणि मयती, सगळीकडे तोच. ज्याचा फोटो काढायचा राहून गेला, त्याच्या घरून शेवटच्या घटकेला जगदेवलाच बोलावणं यायचं आणि तो ताटावरून उठून जायचा.

एकच फोटो बिघडला. तेहतीस वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या दुर्गाबाईचा आठ महिन्यांचा मुन्ना तापात गेला. गावातल्या कंपाउंडरनं नाडी पाहून मान हलवली होती. दुर्गाबाईनं फ्लॅश मारू दिला नाही. लेकराच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणाली. मग जगदेवनं रशियन कॅमेरा स्टँडवर बसवला, अगदी जवळून टिपता यावं म्हणून मागं रिंगा लावून भिंग चेहऱ्याजवळ नेलं आणि दारातल्या उजेडावर पूर्ण एक सेकंद शटर उघडं ठेवलं. फोटो तोंडाशी पुसट आला. त्यानं चेहऱ्यापुरती लहानशी प्रत काढून दिली आणि सगळं खापर त्या कॅमेऱ्यावर फोडलं: आतला आरसा उडताना धक्का देतो म्हणे.

यंदा दुर्गाबाई ती प्रत घेऊन जगदेवच्या घरी आली. पांढरी पडत चालली होती. नवी, मोठी करून द्या म्हणाली. जगदेवनं पुन्हा रशियन कॅमेऱ्याच्या नावानं बोटं मोडली. पण ती गेल्यावर त्याला चैन पडेना. खरंच दोष कुणाचा, ते एकदाचं पाहायचं ठरवून त्यानं नागपूरहून फिल्मचा रोल मागवला.

रशियन कॅमेऱ्याची बॉडी आणि नंतर घेतलेल्या जपानी कॅमेऱ्याची, दोन्हींवर एकच भिंग बसतं. समोर टॉवेलचा तुकडा टांगून त्यानं दोन्हींनी अगदी जवळून फोटो काढले. शटर सेकंदाचा पंधरावा भागच उघडलं, तेव्हा रशियनमध्ये धागान्‌ धागा दुहेरी आला, जपानीत स्वच्छ. गडी खूश झाला. मग पूर्ण सेकंदाचे फोटो पाहिले. तिथं दोन्ही बॉड्या सारख्याच धारदार होत्या. आरशाचा धक्का निमिषात विरतो, एवढ्या वेळात तो उमटतच नाही. आणि मुन्नाच्या वेळी हात तर लागलाच नव्हता. शटर कॅमेऱ्याला जोडलेल्या लांब तारेनं दाबलं होतं.

त्यानं मुन्नाची निगेटिव्ह काढून भिंगाखाली धरली. झबल्याची वीण मोजता येत होती. गळ्यातला काळा दोरा, कानाची पाळी, सगळं लख्ख. पुसट होत्या त्या फक्त नाकपुड्या आणि ओठ.

कॅमेरा हालला असता तर सगळंच हाललं असतं. लेकराचा श्वास चालू होता. फोटो काढून तो घरी जेवायला बसला, तोवर मुन्नाला माती दिली होती.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. भरदुपारी डोळा लागला तरी त्या नाकपुड्या हालताना दिसायच्या, आणि तो दचकून उठून स्वतःच्या नाकापुढं बोट धरायचा. त्याला भीती वाटत होती ती दुर्गाबाईची. सांगितलं तर ती जागीच कोसळेल, आणि न सांगावं तर आपलं तोंड आपल्यालाच बघवणार नाही.

शुक्रवारी ती आली. नवी प्रत हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ, त्या दिवशी मले वाटलं होतं, त्याचा ओठ हालला," ती म्हणाली. "मी बोलली तं सगळे म्हणे, मायले भरम झाला. तुमी तं काचातून पाहून राह्यले होते. खरं सांगा."

जगदेवनं निगेटिव्ह खणात सरकवली.

"माहा हात लागला वैनी स्टँडले. लेकरू शांत होतं."

दुर्गाबाईनं मोठा श्वास सोडला. हात काय, कोणाचाही हालते, मनाले लावून घेऊ नका, अशी उलट तिनंच त्याची समजूत घातली. प्रत पदरात गुंडाळली आणि दुपारच्या बसनं गेली.

निगेटिव्ह अजून जगदेवकडेच आहे. जाळून टाकायला तो तीनदा चुलीपाशी गेला आणि तीनदा परत आला. जिवंत मुन्नाचा फोटो जगात तेवढा एकच आहे.