वकिलातीचा उंबरा

विचुंब्याहून निघाले तेव्हा माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं आणि आई आत दह्याची वाटी घेऊन उभी होती. पनवेलच्या स्टँडवरची मोटार काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. हे अंगणात चुळबुळ करत होते, म्हणून मी तिथूनच हात पुढे केला. आईने वाटी मागे घेतली. "उंबऱ्यावरून देऊ-घेऊ नये, बाय. एकतर तू आत ये, नायतर मी भायेर येते." आणि तीच बाहेर आली. माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. बाबा मिठागरावर गेले होते. त्या दिवशी तिथे काही काम नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

हे मुंबईत एका साहेबांकडे स्वयंपाकाला होते. साहेबांची बदली हंगेरी नावाच्या चिमुकल्या देशातल्या आपल्या वकिलातीत झाली आणि साहेबांना ह्यांच्या हातच्या आमटीशिवाय चालेना, म्हणून आमचीही झाली. विचुंब्यातल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला तेव्हा वाटलं, पोरीने नशीब काढलं. मलाही वाटलं. परदेशात गेलेल्या बायका खरं लिहीत नाहीत, मीही कधी लिहिलं नाही. आता दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून लिहिते आहे.

बुडापेस्टच्या त्या रस्त्यावर एकेका घरावर एकेका देशाचा झेंडा होता. कोपऱ्यावरच्या वकिलातीचा खानसामा आमच्याकडून हळद न्यायचा आणि आम्हाला तांदूळ द्यायचा. ह्यांनी मला समजावलं होतं, "भिंती हितल्याच, पन फाटकाच्या आत आपला राज. हितला पोलीससुद्धा विचारल्याबिगर आत येत नाय." मी म्हटलं, मग ते फाटक नाही, उंबराच म्हणायचा. हे हसले. तिथेच माझी लेक झाली. माहेरपण नाही, डिंकाचे लाडू नाहीत. इलोना नावाची धोबीण येऊन माझे पाय चेपून द्यायची. तिच्याही कडेवर तान्हं पोर होतं.

छप्पन साली थंडीच्या तोंडावर शहरात बंड झालं आणि पाठोपाठ रशियाचे रणगाडे आले. खिडक्यांच्या काचा दिवसभर थरथरत. दुकानं बंद, दूध बंद. साहेबांनी सगळ्यांना बजावलं, बाहेरच्या कुणालाही आत घ्यायचं नाही. एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर ढकलता येत नाही आणि ठेवून घेतलं तर उद्या आपल्यालाच जाब द्यावा लागेल. कुणी कागदपत्रांशिवाय बाहेर पडायचं नाही, हेही सांगितलं.

एका दुपारी इलोना फाटकाशी आली. पोराचं नुसतं रडणं चालू होतं, ओठ सुकलेले. तिने काही मागितलं नाही. मी स्वयंपाकघरातून दुधाच्या पावडरीचा डबा आणला. गजांतून सरकवला असता तर एवढ्यावरच भागलं असतं. पण हात गजांपाशी थांबला. तान्ह्या पोराचं दूध उंबऱ्यावरून द्यायचं? तिला आत घेता येत नव्हतं. मग एकच उरलं. मी फाटकातलं छोटं दार उघडलं आणि बाहेर गेले.

डबा तिच्या हातात पडला तोच कोपऱ्यावरून एक सैनिक आला. कोवळाच होता, पण बंदूक काही कोवळी नव्हती. इलोनाने कागद दाखवला, त्याने तिला जाऊ दिलं. माझ्याकडे कागद नव्हता. मी दाराकडे वळले, तर त्याने बंदूक आडवी धरली. वरच्या खोलीत माझी लेक उठली आणि रडायला लागली. मला ऐकू येत होतं. छाती भरून आली, चोळी दुधाने भिजली, आणि त्या थंडीत मी उभी. दार हाताच्या अंतरावर होतं आणि माझा देश त्याच्या आत होता. मला उचलून नेलं असतं तर कुठे शोधणार होतं कोण? एवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

हे धावत आले, हातात माझा पासपोर्ट. गजांतून हात बाहेर काढला की झालं. ह्यांचा हात गजांपर्यंत आला आणि थांबला. मग ह्यांनी दार उघडलं, बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. सैनिकाने पासपोर्ट उलटा धरला, मग सुलटा. माझ्या डोक्यावरचा रुमाल काढायला खुणावलं. मी काढला. फोटोतलं कुंकू आणि कपाळावरचं कुंकू त्याने दोनदा ताडून पाहिलं आणि बंदूक खाली केली.

आम्ही आत आलो तेव्हा साहेबांनी स्वतः दाराला कडी घातली. लेकीला पाजताना मी ह्यांना विचारलं, गजांतून का नाही दिला? दोघांनाही नेलं असतं तर पोरीचं काय? ह्यांनी पासपोर्ट पुसून पेटीत ठेवला. मग म्हणाले, "तुजी आय काय बोलली असती?"

पुढे रजा मिळाली आणि आम्ही विचुंब्याला आलो. लेक बोट धरून चालत होती. आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "थांब गो बाय, ओवाळून टाकू दे." जनरीतच ती. पण दार समोर असून बाहेर थांबायचं म्हटल्यावर मला ती आडवी बंदूक आठवली आणि मी लेकीचा हात घट्ट आवळला. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तांब्या घेऊन उंबरा ओलांडला. अंगणात माझ्या शेजारी उभी राहून तिने भाकरतुकडा ओवाळला, माझ्या पायावर पाणी घातलं. मग आम्ही तिघी एकदमच आत गेलो.

दिल्लीत शेजारणी विचारतात, तुमचं घर कुठलं? मी विचुंबे सांगते, आणि ते खरंच आहे. पण मनात मला आतली खोली दिसत नाही की चूलही दिसत नाही. माझ्यासाठी उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिलेली दोन माणसं दिसतात.