कुंकवाखालची तारीख

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, आमच्याच ओटीवर, माझी बोलती बंद झाली. शहापूर-मुरबाड पट्ट्यात ज्यांनी माझी भाषणं ऐकली आहेत त्यांना हे खोटं वाटेल... पण झालं ते असं.

माझा पुतण्या नीलेश दीड वर्षापूर्वी मुरबाड रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याच्या दहाव्याला, नदीच्या काठावर, मी अर्धा तास बोललो. कायद्याचं पुस्तक असो की गाडीचे कागद, आपण हळदकुंकू वाहतो, फडक्यात बांधून ठेवतो आणि उघडून एक ओळ वाचत नाही, हाच आपला रोग आहे, असं कडाडून सांगितलं. माणसं मान खाली घालून ऐकत होती.

नीलेशची गाडी दुरुस्त होऊन आली, पण तेव्हापासून त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. कोणी हात लावायचा नाही, असा वहिनीचा हुकूम.

आता त्याच्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, उंबरमाळीकडच्या पाड्यांवर आरोग्यसेविकेचं काम लागलंय. तिची स्कूटी त्या चढणींवर दम टाकते. तिला भावाची गाडी हवी होती... आणि वहिनी ऐकायला तयार नव्हती.

मध्ये मी पडलो. मोटारसायकल नीट शिकवणारा एक प्रशिक्षक आहे, मोकळ्या मैदानावर दोन दिवस शिकवतो. वैशालीबरोबर मीही नाव घालतो, म्हणजे गावातली बाकीची पोरंही येतील, असं वहिनीला समजावलं. ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर सोडते, भावजी. दुसऱ्या कोणाच्या नाय."

त्या रविवारी दोघी आमच्या ओटीवर बसलेल्या असताना मी बुकिंगसाठी फोन लावला. प्रशिक्षक म्हणाला, आधी दोघांची लायसन्स काढून बघा. गिअरची गाडी त्यात लिहिली आहे का, मुदत कधीपर्यंत आहे, हे बघूनच नावं द्या.

मला राग आला. तीस वर्षं गाडी चालवतोय, असं सुनावलं त्याला. तो शांतपणे म्हणाला, "मग बघायला एकच मिनिट लागेल, साहेब."

वैशालीने पर्समधून तिचं काढलं. फक्त बिनगिअरच्या गाडीचं होतं. म्हणजे मोटारसायकलसाठी आधी शिकाऊ लायसन काढावं लागणार... मी लगेच सुरू झालो. शिकलेली मुलगी, हातात कार्ड घेऊन फिरते आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचत नाही!

"बरं काका," ती म्हणाली, "आता तुमचं पण दाखवा ना. बघू तर."

माझं लायसन माझ्या खिशात नसतं. दर दसऱ्याला गाडीबरोबर त्याची पूजा होते आणि वर्षभर ते देव्हाऱ्यातच राहतं. इथे कोण अडवतंय... आणि अडवलं तरी नाव सांगितलं की सोडतात. हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

बायकोने ते आणून दिलं. प्लॅस्टिकच्या पाकिटावर हळदकुंकवाचा थर, वर चिकटलेल्या अक्षता. मुदतीची तारीख नेमकी त्या थराखाली होती. वैशालीने ओढणीचं टोक ओलं केलं आणि पुसलं.

माझी पन्नाशी झाली त्याच दिवशी ते संपलं होतं. त्याला दोन वर्षं उलटली होती.

ओटीवर कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. वैशाली तारखेकडे बघत हळूच म्हणाली, "काका, म्हणजे दादाच्या दहाव्याला तुमी बोललात... तवा पण हे संपलेलंच होतं?"

होय. त्या दिवशी मी नदीवर गेलो तो मोटारसायकलनेच गेलो होतो.

वहिनी उठली. जाताना एवढंच म्हणाली, "मी तर तुमच्या शब्दावर सोडत होते."

आयुष्यात पुष्कळ वाचलं. सभेत कोणालाही निरुत्तर करता येतं, याचा गर्व होता. त्या बाईला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

वर्षाहून जास्त काळ उलटल्यामुळे नुसतं नूतनीकरण होणार नव्हतं. मलाही पहिल्यापासून शिकाऊ लायसन, मग चाचणी. त्या आठवड्यात शिकाऊ लायसनच्या परीक्षेसाठी शहापूरला जायचं होतं आणि माझी गाडी मी चालवू शकत नव्हतो... म्हणून वैशालीच्या स्कूटीवर मागे बसलो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. नाक्यावर एकाने आरोळी दिलीच, "काय हो भाषणवाले, आज मागच्या शीटवर?"

"लायसन तिच्याकडे आहे!" मी ओरडून सांगितलं. माझं सगळ्यात लहान आणि बहुतेक सगळ्यात खरं भाषण.

दोघंही पास झालो. शिकाऊ लायसनचे कागद घेऊन, घरी न जाता थेट वहिनीच्या अंगणात गेलो. वहिनीला वाचता येत नाही. तिने वैशालीला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "वाच गो. दोघांची. शेवटपर्यंत."

वैशालीने वाचलं. नाव, गिअरची मोटारसायकल, कधीपासून, कधीपर्यंत. माझ्या कागदावरची तारीख वहिनीने दोनदा वाचायला लावली.

मग ती उठली आणि तिने स्वतःच्या हाताने ताडपत्री काढली.

प्रशिक्षणाचं बुकिंग झालं आहे. मित्रांनो, तुम्ही कुठे नाव घालायच्या आधी तुमचं लायसन बाहेर काढा आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्या मुलीने माझ्या डोळ्यांदेखत ते कुंकू पुसलं, तिचा मी ऋणी आहे.