डॉक्टरीणबाईला कमी दिसतं

"टाळू पण फाटलेली आहे," माझ्या ओवीच्या तोंडात बोट फिरवून हिंगोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं. ती तेव्हा एका दिवसाची होती. ओठाची फट आम्हाला दिसतच होती, आतलं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. याला क्लेफ्ट पॅलेट म्हणतात, म्हणजे तोंडाचं छत जुळायचं राहून गेलेलं. लेकराला दूध ओढता येत नाही, आणि पाजलेलं नाकातून बाहेर येतं.

ओठ आधी शिवला. टाळूसाठी वर्षभर थांबा म्हणाले. ते वर्ष मी ओवीला उभं धरून चमच्याचमच्यानं पाजलं, तरी वजन वाढेना. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "सुनेला लेकरू पाजता येत न्हाई." मी पुन्हा चमचा हातात घ्यायचे. राग मात्र खूप यायचा.

ऑपरेशनच्या सकाळी नांदेडच्या दवाखान्यात ओवी उपाशीपोटी रडून रडून लाल झाली होती. डॉक्टर मॅडम तपासून गेल्या. त्यांच्या चष्म्यावर भिंगाची दोन नळकांडी बसवलेली होती. त्या वळल्याबरोबर आत्याबाईंनी ओवीला माझ्या मांडीवरून उचललं.

"चल घरी, पुसेगावला. ह्या डॉक्टरीणबाईलाच कमी दिसून राहिलं, ही काय शिवणार?"

त्या जिन्यापाशी पोचल्यासुद्धा. ओवीचे वडील खाली औषधं आणायला गेलेले. आज परत गेलो तर आत्याबाई पुन्हा येऊ देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आडवी उभी राहिले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यापुढे आवाज चढवला.

"आत्याबाई, लेकरू द्या इकडं."

मॅडम परत आल्या. चिडल्या नाहीत. "आजी, माझी नजर चांगली आहे. याला लूप म्हणतात. टाळूतली रक्ताची नळी फार बारीक असते. ती दुखावली तर टाके सुटतात, भोक राहतं. म्हणून सगळं मोठं करून बघायचं." मग तो चष्मा त्यांनी आत्याबाईंच्या डोळ्यांवर धरला आणि ओवीच्या उघड्या तोंडात उजेड पाडला.

आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"घशापस्तोर हाय व्हय हे?" मग माझ्याकडं वळल्या. "ह्यातून कसं पाजलं गं तू?"

आत्याबाईंनीच ओवीला नर्सच्या हातात दिलं.

नंतरची वाट पाहणं विचारू नका. दार हललं की मी उठून उभी राहायचे. शेवटी मॅडम बाहेर आल्या, नाकावर चष्म्याचे लाल वळ उमटलेले. "टाळू जुळली. रक्तपुरवठा चांगला आहे. काही आठवडे फक्त पातळ द्या, तोंडात बोट घालू देऊ नका. पुढं बोलणं शिकवायला थेरपी लागेल."

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर शंका मनात ठेवू नका, डॉक्टरांना तोंडावर विचारा. आमची शंका जिन्यापर्यंत गेली होती. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

गावी आल्यावर शेजारीण ओवीला बघायला आली. "लई वाळली गं पोरगी," म्हणाली. मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "वाळली तर वाळली. जगवली हाय माझ्या सुनेनं."