फॉर्मवर नसलेली मशेरी

काकीचं तोंड उघडेनासं झालं, त्याबद्दल मला तंबाखूपेक्षा एका फॉर्मचा जास्त राग येतो. आणि तो फॉर्म भरणारीचा. ती मीच.

कॉलेज संपवून घरी बसले होते, तेव्हा खारघरच्या एका नव्या टॉवरमधल्या संस्थेत मला नोकरी लागली. काम काय, तर गावोगाव आरोग्याचा प्रचार. पण तिथे प्रचार म्हणायची सोय नव्हती. कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी म्हणायचं. माणसांना टार्गेट ऑडियन्स म्हणायचं. एसी हॉलमध्ये तीन दिवस ट्रेनिंग झालं. दुपारी पनीर, आणि समोर दिल्लीचा एक पाहुणा, लोकांच्या सवयी कशा बदलायच्या ते शिकवणारा. मेल्यानं पनवेलचा मासळी बाजार उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यानं पडद्यावर तंबाखूनं सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि गळ्यात ओळखपत्र घालून गावभर मिरवले.

पहिलं काम सर्व्हेचं. सुरुवात आमच्याच खाडीकाठच्या गावापासून. प्रश्न असा, की विडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू-चुना यांपैकी काय घेता? प्रत्येकापुढे एक चौकोन. शेवटचा चौकोन 'काहीही नाही'.

मशेरीला चौकोनच नव्हता.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची, ती मशेरी. काकी भाजायला बसली की अख्खी आळी ठसकायची. उठल्यावर एकदा, बाजारात मासळीची टोपली मांडून झाली की एकदा, जेवल्यावर एकदा, आणि मध्येच जीव कासावीस झाला की आणखी एकदा. आमच्या बायका हिला व्यसन मानतच नाहीत. पुरुष तंबाखू खातात, बाया दात घासतात, विषय संपला.

मी फॉर्म घेऊन काकीच्या ओटीवर गेले तेव्हा तिचं बोट तोंडातच होतं. आई कामावर जायची म्हणून मी लहानपणी हिच्याच हातचं खाऊन वाढले. मी प्रश्न वाचला. ती बाहेर थुंकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नाय गो बाय, आमाला कसला आलाय येसन? तुजा काका विडी वढतो, त्याचा लिव."

मी 'काहीही नाही'वर खूण केली. माझ्या हातानं, तिच्या काळ्या बोटाकडे बघत.

ऑफिसात मी मॅडमना मशेरीच्या चौकोनाचं विचारलं, एवढं तरी केलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख, बोलणं गोड, कान बंद. म्हणाल्या, "अगं, हा फॉर्म जगभर चालतो. एका तालुक्यासाठी चौकोन वाढवला तर बाकीच्या देशांशी तुलना कशी करायची?" मी म्हटलं, बरं मॅडम. नोकरी कच्ची होती, घालवायची नव्हती. आजही ते 'बरं मॅडम' आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रिपोर्ट आला. गावातल्या बायका तंबाखूमुक्त. मॅडमना कोण आनंद झाला. मग ठरलं, की बायकांनीच पुरुषांना सुधारायचं. पोस्टर छापली, 'ताई, तुझ्या घरची तंबाखू तूच सोडव.' काकीनं ते भलतंच मनावर घेतलं. काकाच्या विड्या चुलीत घातल्या, त्याचं ताट वाढायचं बंद केलं, बाजारातून आल्या आल्या त्याचं तोंड हुंगायला लागली. चार महिन्यांत काकानं विडी सोडली. खोटं कशाला सांगू, सोडली ती कायमची.

झालं, समाजमंदिरात काकीचा सत्कार. शाल, गुलाब, भाषण. फोटोला उभं राहताना काकीनं कमरेची डबी चाचपून आणखी आत खोचली. मी बघितलं. मॅडम टाळ्या वाजवत होत्या, मीही वाजवल्या. त्या फोटोचं मोठं पोस्टर झालं आणि लागलं कुठे, तर मासळी बाजाराच्या भिंतीवर, काकीच्या टोपलीसमोर. बाजारातल्या बाया तिला चिडवायच्या, आणि ती खूश असायची.

पुढे मी लग्न होऊन कामोठ्याला गेले, नोकरी सोडली. गावाला जाणं सणापुरतं राहिलं. दोन-तीन वर्षांनी एकदा गेले तर काकी भाकरी पाण्यात कुस्करून पीत होती. कालवण झोंबतं म्हणाली. गालात आतून पांढरा चट्टा, आणि तोंडात एकावर एक दोन बोटं जाईनात. किती दिवस झाले, तर म्हणे गेल्या पावसापासून. कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला दुसऱ्याच दिवशी ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. केसपेपर पुढे ओढून मान वर न करता विचारलं, "तंबाखू?"

"नाय."

"विडी, गुटखा?"

"नाय वो डाक्टर." शब्द दातांतून कसेबसे बाहेर येत होते, पण आवाजात तोरा होता. "बाजारात फोटो हाय माजा. हिला इचारा, हिनंच लिवून नेलाय."

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. काकीही बघत होती, साक्षीदाराकडे बघावं तसं.

"मशेरी लावते," मी म्हटलं. "दिवसातून चार वेळा. मला कळायला लागल्यापासून."

डॉक्टरांनी टॉर्च घेतला, दिसलं तेवढं बघितलं. म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, आणि मशेरी आजपासून बंद. मग नर्सला बोलवायला बाहेर गेले.

काकीनं कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली.

"मशेरीनं तोंडाचा आसा व्हता, ह्या तुला ठाव व्हता?"

"हो."

"तवा बी ठाव व्हता? कागूद घेऊन आल्तीस तवा?"

"हो काकी."

"मंग तवा का नाय बोललीस, बाय?"

माझ्याकडे उत्तर होतं. 'बरं मॅडम' हे ते उत्तर. ते मी तिला दिलं नाही.